पेवातला कंदील आणि घरातला रेडॉन

माझ्या लहानपणी आष्टीतील जुन्या वाड्यांमध्ये पेवे होती. तोंड लहान आणि पोट मोठे अशी ही जमिनीत खोल खणलेली ज्वारीची कोठारे. पेव उघडले म्हणून कोणी लगेच आत उतरत नसे. तोंडावरची फरशी बाजूला करायची, काही तास वारा लागू द्यायचा आणि मग दोरीला कंदील बांधून तो हळूहळू खाली सोडायचा. ज्योत शेवटपर्यंत टिकली तर माणूस उतरे; मध्येच विझली तर फरशी तशीच उघडी ठेवून सगळे घरी जात. साठवलेले धान्यही श्वास घेते, प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, हे शास्त्र त्या म्हाताऱ्या माणसांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. न दिसणारा, वास नसणारा वायू माणूस मारू शकतो एवढे त्यांना ठाऊक होते, आणि तो ओळखण्याचे यंत्र त्यांच्या घरच्या कोनाड्यातच होते.

आज मी आपल्याला ज्या वायूविषयी सांगणार आहे, त्याच्यापुढे कंदील निरुपयोगी आहे. रेडॉन त्याचे नाव. तो ज्योत विझवत नाही, डोळ्यांत झोंबत नाही, त्याने डोके दुखत नाही, खोकला येत नाही. हे नाव मी एम.बी.बी.एस.ला असताना एका परिच्छेदापुरते वाचले होते आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. गेल्या हिवाळ्यात एका तरुणाने ते मला पुन्हा ऐकवले.

त्याची आई माझी जुनी रुग्ण. वय बावन्न. तिच्या खोकल्याला मी दीड महिना ऋतूचा खोकला म्हणत राहिलो. अखेर क्ष-किरण चित्र काढायला पाठवले तेव्हा उजव्या फुप्फुसात सावली दिसली, आणि त्यानंतरही क्षयाच्या शंकेत आणखी काही आठवडे गेले. निदान फुप्फुसाच्या कर्करोगाचे निघाले. तो दीड महिना माझ्या खात्यावर आहे, आणि हा लेख लिहिण्याचे एक कारण तेच आहे.

मुलगा समोर बसून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आमच्या आईनं कधी मिसरीसुद्धा लावली नाही. मग हे आलं कुठून?” आणि मग त्याने खिशातून मोबाइल काढला. त्यावर एका परदेशी यंत्राची जाहिरात होती. घरातील रेडॉन मोजणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘धोका आधीच ओळखणारे’ यंत्र. किंमत त्याच्या दुकानाच्या महिन्याच्या कमाईहून अधिक. “घेऊ का? घरात बायको आहे, दोन लेकरं आहेत.”

मी त्याला आठ दिवसांनी ये म्हटले. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि नंतरही वाचत राहिलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

जमिनीतील खडक आणि मातीत युरेनियम हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात सर्वत्र असते. त्याचे विघटन होत होत रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. रेडियम घन असल्यामुळे जिथल्या तिथे राहते. रेडॉन मात्र वायू असल्याने मातीच्या फटींतून वर येतो. मोकळ्या अंगणात तो वाऱ्यात विरून जातो. घराच्या पायातील भेगांतून, नळाच्या पाइपाभोवतीच्या फटींतून तो आत शिरला आणि दारे-खिडक्या बंद असल्या, तर साचत जातो. ३.८ दिवसांत त्यातील निम्मा नाहीसा होतो. पण नाहीसा होताना तो पोलोनियमसारखी किरणोत्सारी अपत्ये मागे ठेवतो. ती धूळ आणि धुराच्या कणांना चिकटून श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि तिथे अल्फा कण सोडतात. अल्फा कण साध्या कागदालाही अडतो, आपल्या कातडीच्या वरच्या थरातून आत जात नाही. परंतु श्वासनलिकांच्या आतले अस्तर फार नाजूक असते, आणि तिथे हा कण पेशीच्या अगदी उंबरठ्यावरच फुटतो. वर्षानुवर्षांच्या अशा आघातांतून एखाद्या पेशीची घडण बिघडते आणि कर्करोगाला वाट मिळते.

हे कळायला माणसाला शतके लागली. जर्मनीतील श्नेबर्ग भागातील खाण कामगार तरुण वयात छातीच्या रोगाने मरतात, ही गोष्ट सोळाव्या शतकापासून लोकांना माहीत होती. १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोघांनी मृत कामगारांच्या तपासणीतून दाखवले की ही फुप्फुसातील घातक गाठ आहे. तेव्हा रेडॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो लागला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले.

खाणीतला हा धोका राहत्या घरातही असू शकतो, याचा धक्का मात्र १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बसला. लिमरिक येथे अणुवीज केंद्राची उभारणी चालू होती. स्टॅन्ले वॉट्रस नावाचा अभियंता तिथल्या किरणोत्सार तपासणीच्या दारातून गेला की घंटा वाजू लागे. गंमत अशी की तो कामावर येतानाही ती वाजे, आणि केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरूच झालेली नव्हती. म्हणजे किरणोत्सार तो कारखान्यातून घरी नेत नव्हता, घरून कारखान्यात आणत होता. त्याच्या घरातील हवा तपासली तेव्हा रेडॉनची पातळी दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल निघाली. एक बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचे विघटन. घरांतील जागतिक सरासरी सुमारे ४० बेकरेल मानली जाते, यावरून त्या आकड्याची कल्पना यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० बेकरेलची पातळी सुचवली आणि जिथे ती शक्य नाही तिथेही ३०० च्या पुढे जाऊ नये असे सांगितले. दीर्घकाळच्या सरासरीत दर १०० बेकरेल वाढीमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा ऐकून घाबरू नका. तो कशाच्या १६ टक्के आहे हे आधी पाहा. युरोपातील १३ अभ्यासांची एकत्र मांडणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार कधीच धूम्रपान न केलेल्या हजार माणसांपैकी वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत या कर्करोगाने दगावणारे, घरात रेडॉन नसताना सुमारे ४, शंभर बेकरेलला ५ आणि चारशे बेकरेलला ७. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हेच आकडे सुमारे १००, १२० आणि १६० होतात. रेडॉन आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की एकमेकांचे बळ वाढवतात. म्हणून ज्या घरात बिडी जळते त्या घराने रेडॉनचे यंत्र शोधण्याआधी बिडीचे बंडल शोधावे, असे मी स्पष्ट म्हणेन.

आता मोजणीकडे येऊ. येथे आपल्या महाराष्ट्राचा वाटा अभिमान वाटावा असा आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी रेडॉन मोजण्यासाठी एक साधे उपकरण विकसित केले. हाताच्या मुठीत मावेल अशी डबी, आत दोन कप्पे, मधल्या पडद्याला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे. हवा पहिल्या कप्प्यात येते. रेडॉनचा एक भाऊबंद आहे थोरॉन; त्याचे आयुष्य जेमतेम मिनिटाचे, त्यामुळे तो छिद्रांतून पलीकडे जाईपर्यंत संपून जातो. दुसऱ्या कप्प्यात पोचतो तो फक्त रेडॉन. दोन्ही कप्प्यांत एका विशेष प्लॅस्टिकच्या फिल्मचा तुकडा असतो. तिच्यावर अल्फा कण आदळला की अदृश्य व्रण उठतो. ही डबी तीनेक महिने घरात टांगून ठेवतात, नंतर फिल्म कॉस्टिक सोड्याच्या साठ अंश उष्ण द्रावणात दीड तास बुडवतात, की व्रणांची भोके होतात. मग ती मोजायची. वीज नको, बॅटरी नको, इंटरनेट नको. खेड्यातल्या घरासाठी याहून सोयीचे काय असणार?

अडचण मोजणीत असते. अशा काही फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात, आणि तिथे धुळीचा कण, ओरखडा आणि खरा व्रण यांत फरक करताना डोळे शिणतात. बेडक्याच्या काचेवर क्षयाचे जंतू मोजणाऱ्या तंत्रज्ञाचे हाल मी जवळून पाहिले आहेत. पन्नासाव्या काचेला त्याची नजर पहिल्या काचेसारखी राहत नाही. यंत्रशिक्षणाचा पहिला उपयोग नेमका येथे होतो. संगणकाला हजारो छायाचित्रे दाखवायची, प्रत्येकावर हा व्रण, हा ओरखडा अशी खूण जाणकाराने केलेली असते. नियम कोणी शिकवत नाही. उदाहरणे पाहून संगणक स्वतःच खुणा बसवतो, आणि मग एकमेकांवर चढलेले दोन व्रणही वेगळे मोजू शकतो. जगभरच्या प्रयोगशाळांत हे काम जोमाने चालू आहे. मला ते सर्वांत पटते, कारण त्यात संगणक काही भाकीत करत नाही, फक्त न थकता मोजतो.

दुसरी दिशा वेळेची. रेडॉन दिवसभर सारखा नसतो. रात्री आणि पहाटे, हवा स्तब्ध असताना, घरात तो वाढतो. दुपारी दारे उघडी असली की उतरतो. हिवाळ्यात खिडक्या बंद म्हणून तो अधिक. पावसाने अंगण भिजले की मातीची तोंडे बंद होतात आणि वायू घराखालच्या कोरड्या मातीतून वाट काढतो. त्यामुळे चार दिवसांची मोजणी वर्षाची सरासरी सांगेलच असे नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या गटाने अल्पकालीन चाचण्यांच्या या दोषाकडे ठळकपणे लक्ष वेधले आहे. आता दर तासाला नोंद करणारी यंत्रे आल्यामुळे तापमान, हवेचा दाब, आर्द्रता यांच्या जोडीने त्या नोंदी संगणकाला शिकवतात आणि थोड्या दिवसांवरून दीर्घ सरासरीचा अंदाज बांधतात, किंवा पंखा केव्हा लावावा हे यंत्रालाच ठरवू देतात. माझ्यासमोरच्या तरुणाच्या मोबाइलवरचे ‘आधीच ओळखणारे’ यंत्र म्हणजे साधारण हेच. ‘धोका ओळखणे’ हा शब्द जाहिरातीचा. यंत्र वायू मोजते, कर्करोग ओळखत नाही.

तिसरी दिशा नकाशांची, आणि सध्या सर्वाधिक संशोधन तिच्यातच होत आहे. देशातील प्रत्येक घरात डबी टांगणे अशक्य. म्हणून काही हजार घरांत मोजायचे आणि खडक, मातीची सच्छिद्रता, मातीतील युरेनियम, घराचे वय, मजला यांच्या आधारे उरलेल्या घरांचा अंदाज करायचा. यासाठी ‘रँडम फॉरेस्ट’, म्हणजे निर्णयवृक्षांचे रान, ही पद्धत लोकप्रिय आहे. चावडीवर पाचशे पंच बसले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाला गावाची थोडीथोडीच माहिती दिलेली. प्रत्येकजण आपापला अंदाज सांगतो आणि सर्वांची सरासरी निकाल ठरतो. एकेकाची चूक मोठी असली तरी चुका वेगवेगळ्या बाजूंना असल्याने निकाल बराच खरा निघतो. स्वित्झर्लंडमध्ये दशकभरापूर्वी अशा पद्धतीने नकाशे झाले. २०२४ मध्ये जर्मनीच्या संशोधकांनी तर देशातील प्रत्येक निवासी इमारतीच्या प्रत्येक मजल्यासाठी अंदाज मांडला. सरासरी ६३ बेकरेल निघाली, आणि सुमारे १२.५ टक्के लोक शंभराच्या वरच्या पातळीत राहतात असे दिसले. या कामाचे मला आवडलेले वैशिष्ट्य म्हणजे ते एकच आकडा देऊन मोकळे होत नाही. अंदाज कुठून कुठपर्यंत हलू शकतो हेही सांगते. आमच्या धंद्यातही ही सवय असती तर बरे झाले असते.

या संशोधनात एक सापळा आहे आणि अलीकडे तो उघडपणे बोलला जातो. शेजारशेजारच्या दोन घरांपैकी एक शिकवायला आणि दुसरे परीक्षेला वापरले, तर संगणक उत्तम गुणांनी पास होतो. कारण ती परीक्षा फुटलेल्या प्रश्नपत्रिकेची असते. खरी परीक्षा म्हणजे एक संपूर्ण प्रदेश शिकवण्यातून वगळायचा आणि मग त्याविषयी विचारायचे. तेथे गुण घसरतात. हा सापळा आपल्यासाठी महत्त्वाचा, कारण जर्मनीच्या मातीवर शिकलेल्या यंत्राला परतूर तालुक्याची माती कोण शिकवणार?

आपण बसलो आहोत तो दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. बेसाल्ट खडकात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम फारच कमी असते, आणि ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. महाराष्ट्रात ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत ते नांदेडच्या पूर्व कडेला देगलूरकडे, भंडारा-गडचिरोलीच्या बाजूला, सिंधुदुर्गात. तेथील घरांना डब्या टांगण्याची निकड आपल्याहून अधिक. पण आपली काळी माती हेही एक प्रकरणच आहे. पावसाळ्यात ती फुगून घट्ट होते, वायूला वाट देत नाही. चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जी माती वर्षातून दोनदा स्वभाव बदलते तिचे गणित युरोपच्या मातीवरून जमणार नाही. ते जमायचे तर आधी येथल्या घरांत, दोन्ही ऋतूंत, डब्या टांगाव्या लागतील. संगणक त्यानंतर.

घरेही बदलली. जुन्या माळवदाच्या घराला धूर जाण्यासाठी साणे असे आणि दार दिवसभर सताड उघडे असे. आता सिमेंटचा स्लॅब, घट्ट बसणाऱ्या काचा, वर वातानुकूलन. कॅनडात नव्या घरांत जुन्यांपेक्षा अधिक रेडॉन आढळला; स्वीडनमध्ये बांधकामाच्या पद्धती सुधारल्यावर तो उलट घटला. जालन्यात हल्ली तळघरात शिकवण्या आणि दवाखाने चालतात, त्यांच्या मालकांनी मात्र हवा खेळती ठेवण्याकडे जरूर लक्ष द्यावे. स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटच्या ओट्याविषयी मला हटकून विचारले जाते. त्यातून निघणारा रेडॉन सामान्यतः नगण्य असतो. मुख्य स्रोत घराखालची जमीन. ओटा फोडू नका.

मराठवाड्यात रेडॉनचा विषय निघाला की किल्लारी आठवणारही कोणीतरी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा तो हादरा येथेही जाणवला होता. भूकंपाआधी भूजलातील रेडॉन वाढतो काय, यावर अनेक देशांत अभ्यास झाले. १९९५ च्या जपानमधील कोबे भूकंपापूर्वी एका विहिरीत तशी वाढ नोंदली गेली होती. पाऊस आणि हवेच्या दाबाने होणारे चढउतार वगळून उरलेला बदल शोधण्यासाठी स्लोव्हेनियात यंत्रशिक्षणाचा वापर झाला. मात्र त्यावरून भूकंपाचे भरवशाचे भाकीत आजही करता येत नाही, म्हणून मोबाइलवर तसा संदेश आला तर पुढे पाठवू नका.

आठ दिवसांनी तो तरुण आला. मी त्याला त्याच्या घराविषयी विचारले. पाहिले होते, पण विचारले कधी नव्हते. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, एकच झरोका, तोही थंडीत पोत्याने बंद. सिलिंडर आहे, पण भाकरी, आंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण चुलीवर. तूरकाठ्या आणि पऱ्हाट्यांचे सरपण. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून आई त्या धुरात बसत आली. वडील होते तोवर बिडी घरातच ओढत. घरातल्या लाकूड-पालापाचोळ्याच्या धुराला तीच कर्करोग संस्था ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणते. दम्यासारखा जुनाट श्वासरोग तर त्याने होतोच. आईच्या गाठीचे कारण यांपैकी नेमके कोणते, हे कोणताही डॉक्टर एका माणसाच्या बाबतीत सांगू शकत नाही, आणि मी सांगितले नाही.

“मग यंत्र?” त्याने विचारले.

मी म्हणालो, त्या पैशांत मागच्या भिंतीला समोरासमोर दोन खिडक्या आणि वर धुराडे होईल. धूर जाईल आणि रेडॉन असलाच तर तोही त्याच वाटेने जाईल. पायातील भेगा आणि मोरीच्या पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजव. यंत्र नंतर घेतलेस तरी चालेल, पण ते हिवाळ्यात, खालच्या खोलीत, किमान तीन महिने ठेव; चार दिवसांच्या आकड्यावर झोप उडवून घेऊ नकोस.

यंत्रशिक्षणाचा आणखी एक उपयोग मी त्याला सांगितला, आणि तो सांगताना माझी मान थोडी खाली होती. छातीची क्ष-किरण चित्रे वाचणारी संगणक प्रणाली आता आपल्याकडेही वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षय तपासणीसाठी तिला मान्यता दिली, आणि अशा काही प्रणाली फुप्फुसातील गाठीसारख्या सावलीकडेही बोट दाखवतात. पण चित्र काढायलाच पाठवले नाही तर संगणक वाचणार काय? दोन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीत रक्त, वजनात घट, आवाज बसणे, छातीत एकाच जागी दुखणे यांपैकी काहीही असेल तर आपल्या डॉक्टरांकडे चित्राचा आग्रह धरा. ते ऋतूचा खोकला म्हणाले तरी धरा. क्षयाची औषधे चालू असूनही फरक पडत नसेल तर पुन्हा विचारा.

जाताना तो दारात थांबला. “साहेब, बायकोला तीन आठवडे झाले खोकला आहे. चुलीचाच असंल म्हणून आणली नाही.”

त्याच दुपारी तिला परतूरला क्ष-किरण चित्र काढायला पाठवले. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर आले. फुप्फुसे स्वच्छ होती, श्वासनलिकांना धुराची सूज होती. पुढच्या आठवड्यात गवंडी लागला. आईचे उपचार छत्रपती संभाजीनगरला चालू आहेत. दर तीन आठवड्यांनी ती एस.टी.ने जाते, आणि परत आली की माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून आधी नव्या खिडकीचे सांगते, मग स्वतःच्या तब्येतीचे.